शिवणयंत्राचे माहेर

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात खिडकीपाशी एक जुने पायमशीन आहे. त्याच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मीशिम्मी पुसली आहे. परंतु पायडलच्या लोखंडी जाळीतील ‘सिंगर’ ही अक्षरे अजून वाचता येतात. २०२१ च्या जुलै महिन्यात सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा हे मशीन चिखलात बुडाले होते. पुढे भंगारवाला दारात आला आणि ‘वजनावर देऊन टाकावे’ असे बहुतेकींचे मत पडले. माझेही तेच होते. देण्यापूर्वी सहज म्हणून चिखल पुसला, तो अंगावर क्रमांक दिसला. आरंभी ‘वाय’ हे इंग्रजी अक्षर होते. त्या अक्षराच्या मागे लागले आणि मशीनचे माहेर सापडले. ते म्हणजे स्कॉटलंडमधील ग्लासगोजवळचे क्लाइडबँक.

शिवणयंत्राचा शोध कुणा एकाचा नव्हे. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा धागा देणारे शटल, अशा दुहेरी टाक्याच्या यंत्राचे पेटंट एलियास हाऊ याने १८४६ साली अमेरिकेत घेतले. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये आपले सुधारलेले यंत्र पुढे आणले. ते घरोघरी गेले याचे मोठे कारण म्हणजे सिंगर कंपनीने सुरू केलेली हप्त्यांची सोय. गांधीजींचा यंत्रांना सरसकट पाठिंबा नव्हता. पण १९२४ साली त्यांनी शिवणयंत्र हा अपवाद मानला. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचा संसार काही तसा आदर्श नव्हता. तथापि यंत्राने बायकांचे कष्ट हलके केले, हे खरेच.

क्लाइडबँकच्या कारखान्याचे बांधकाम १८८२ मध्ये सुरू झाले आणि १८८५ साली तो चालू झाला. ओतकामापासून लाकडी टेबलांपर्यंत सारे तेथेच होई. मनोऱ्यावर चार तोंडांचे प्रचंड घड्याळ होते; एकेक तबकडी २६ फूट व्यासाची! १९१३ साली तेथून सुमारे १३ लाख यंत्रे बाहेर पडली. मुंबईत कंपनीचे काम नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढविले. शिंप्यांच्या दुकानांतून हे यंत्र हळूहळू आपल्या माजघरांत आले.

पण भगिनींनो, मला सांगायची गोष्ट निराळीच आहे. १९११ च्या मार्च महिन्यात त्या कारखान्यात टेबलांना पॉलिश करणाऱ्या बायकांच्या गटातून तिघींना हलविले आणि त्यांचे काम उरलेल्या बारा जणींवर टाकले. त्या बाराजणी काम सोडून उठल्या. पाठोपाठ इतर बायका उठल्या, मग पुरुषही उठले. सुमारे ११ हजारांच्या कारखान्यातील बहुतेक सारे बाहेर पडले. संप तीन आठवड्यांत मोडला. सुमारे ४०० जणांना कामावरून काढले, त्यांत जेन रे ही बाई होती. हीच जेन रे पुढे क्लाइडबँकची नगरसेविका झाली.

घड्याळाचा मनोरा १९६३ साली पाडला गेला. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आज तेथे ‘सिंगर’ नावाचे रेल्वेस्थानक आहे आणि गावच्या संग्रहालयात यंत्रे मांडून ठेवली आहेत. ज्यांनी ती घडविली त्यांच्या लेकीसुनांनी आठवण जपली, म्हणून आपल्यासही ती कळते.

आपल्या महाड-पोलादपुराकडे घरचा पुरुष मुंबईला गिरणीत आणि बाई गावी, असे कैक संसार झाले. झबली, परकर, शाळेचे गणवेश शिवून कितीजणींनी मुलांच्या फिया भरल्या, त्याची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आणि मजुरी सांगताना मात्र आपण आजही खाली मान घालतो. एकीने पन्नास म्हटले की शेजारीण चाळीसवर येते. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी माणसे एकजुटीने चालत गेली, तेथे ही रीत शोभत नाही.

मशीन भंगारात गेले नाही. एका मिस्त्रींनी ते उघडून, गंज काढून, तेल घालून, नवा पट्टा बसवून दिला. आता त्यावर नव्या मुली पहिली सरळ शिवण शिकतात. माझी सूचना एवढीच, की यंदापासून शिलाईचे दर आपण सर्वांनी मिळून ठरवावे, फळ्यावर लिहावे आणि कुणीही त्याखाली उतरू नये. दूरदेशीच्या त्या बाराजणींनी तयार कपडा कधी आपल्याकडे पाठविला नाही. पण एकीने ओढलेला धागा तुटतो आणि दोन धाग्यांची शिवण टिकते, हे त्यांचे यंत्र रोज सांगत असते.