निम्मा नवस

आमच्या घराण्याची देवी तुळजापूरची. आमचं गाव सांगोल्याच्या खाली, माणगंगेच्या काठाला. तुळजापूरला जायची आमची वाट ठरलेली होती. गावापासून दीड कोसावर बार्शी लाईटचं स्टेशन. तिथं पहाटेची गाडी धरायची, पंढरपुरात चंद्रभागेला हात जोडायचे, कुर्डुवाडी करून बार्शीला उतरायचं आणि तिथून एस.टी.नं तुळजापूर गाठायचं. आज्यापणज्यापासूनची हीच वाट, असं आजी सांगायची. पण ते काही खरं नव्हतं. बार्शी लाईट सुरू झाली १८९७ साली, ती पंढरपूरला आली १९०६ मध्ये आणि आमच्या रानातून पुढं मिरजेला पोचली १९२७ साली. म्हणजे आजी स्वतः परकर नेसून खेळत होती तेव्हा ही लाईन आमच्या शिवारात पडली. पण माणसाच्या आठवणीत जे कायम असतं ते आज्यापणज्याचंच होतं.

अडीच फुटी रूळ, खेळण्यातल्यासारखे डबे. चढ लागला की गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून शेंगा उपटून परत चढायची. तिला कुणी नावं ठेवली तर माझ्या चुलत्याला, नानाला, राग यायचा. नाना त्या लाईनवर गँगमन होता. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन उन्हातान्हात रुळाच्या चाव्या ठोकत चालायचं हे त्याचं काम. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला रोख पगार आणणारा तेवढा एकच माणूस. १९७२ च्या दुष्काळात घरातली बाकी सगळी, दादा आणि आईसुद्धा, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. मिलोच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी यांवर आम्ही पोरं जगलो, पण तेल, मीठ, साखर आली ती नानाच्या पगारातून.

त्या दुष्काळात आजीनं नवस बोलला होता. दावणीची दोन्ही बैलं जगली तर भवानीला पितळेच्या दोन समया वाहीन. पाडव्याच्या आसपास एक बैल बसला तो उठलाच नाही. दुसरा जगला. पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर आजीनं हिशोब केला, की देवीनं निम्मं ऐकलं, तर आपणही निम्मं फेडावं. तिनं एकच समई आणून ठेवली. आई म्हणाली, देवाशी असा व्यवहार करू नये. आजी म्हणाली, "व्यवहार न्हाई तर काय उधारी करू व्हय?"

१९७४ च्या मे महिन्यात नानाचं लग्न निघालं. तारीख आधीच धरलेली होती. आणि त्याच ८ मेपासून देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. बोनस, आठ तासांचं काम आणि सार्वजनिक कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार, अशा मागण्या. जॉर्ज फर्नांडिसांना संपाच्या आधीच, २ मेला, लखनौला अटक झालेली. लाखो माणसं कामावर गेली नाहीत आणि हजारोंना धरून नेलं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की स्टेशनात सामसूम आहे आणि रुळांवर शेरडं बसतात. नानासुद्धा संपात होता. लग्नाला त्याच्या गँगमधली दोनच माणसं आली, तीही जेवून लगेच पांगली. "कामावर चल, न्हाईतर गाडीत बस," असं म्हणून पोलिस माणसं उचलत होते. अंगाला हळद लागलेला नवरदेव रात्री घरात न झोपता मळ्यातल्या खोपीत झोपायचा.

शेवटी दादांनी तोड काढली. नवी जोडी कुलदेवीला न्यायचीच आहे, नवसही फेडायचा आहे. देवाला गेलाय म्हटल्यावर कोण काय विचारणार? गाडी बंद. एस.टी.ला गर्दी एवढी की टपावरसुद्धा जागा नाही, शिवाय स्टँडवर नानाला ओळखणारी माणसं. मग मामाची जीप ठरली.

ही जीप लष्कराच्या डिस्पोजलमधली होती, सुकाणू डाव्या हाताला. मामानं ती दुष्काळाच्या आधी कुठल्यातरी लिलावात घेतलेली. तिला टप नव्हता, हॉर्न नव्हता, आणि हँडल मारल्याशिवाय ती कधी सुरू झाल्याचं मला आठवत नाही. त्यात पेट्रोल महाग झालेलं. आधल्या वर्षी अरब देशांनी तेलाचे भाव वाढवले, तेव्हा दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. मामाचं म्हणणं, त्यांनी आपल्या जीपकडे बघून तो विचार केला असणार.

१७ मेला, शुक्रवारी, देवीचा वार बघून आम्ही निघालो. मामा, दादा, आई, आजी, नाना, नवी काकी, तिची पाठराखीण म्हणून आलेली धाकटी बहीण, मी आणि माझी बहीण. शिवाय शिदोरी, ओटीचं सामान, पाण्याची कळशी, आणि आजीच्या दोन गुडघ्यांमध्ये लुगड्यात गुंडाळलेली समई.

पंढरपूरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जादा चाक होतं, पण ते आधीच बसलेलं. ट्यूबला भोक नव्हतं, ती चिरली होती. मामा शेजारच्या रानात गेला आणि कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन आला. तुम्ही हे कधी पाहिलं नसेल. टायरात कडबा पाण्यानं भिजवून कोंबायचा, ठोकून ठोकून घट्ट करायचा आणि हळू चालवायचं. आम्ही पोरं हसत होतो, पण आजीनं तोंड फिरवलं. दुष्काळात एकेका पेंढीसाठी तिनं मैलोन्मैल पायपीट केली होती. "जनावराच्या तोंडचा घास चाकात घालतुया," एवढंच ती म्हणाली आणि पंढरपूर येईस्तोवर कुणाशी बोलली नाही. पंढरपुरात ट्यूब मिळाली. टायरातला कडबा तिनं सोडवून घेतला आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उभ्या असलेल्या एका गाईपुढं टाकला.

दुसरं संकट पेट्रोलचं. वाटेतल्या एका पंपावर भरलं, त्यात रॉकेलचा वास यायला लागला. जीप धूर सोडत, उचक्या देत मोहोळपर्यंत आली आणि बरोब्बर नाक्यावर, पोलिसांच्या पुढ्यात बंद पडली. मोहोळ हे पुणे-सोलापूर मोठ्या लाईनीवरचं स्टेशन, त्यामुळं तिथं बंदोबस्त होता. एक हवालदार आमच्याकडं चालत आला. नऊ माणसं कशी बसवली, कागद कुठायत, कुठलं गाव, असं विचारत त्याची नजर नानावर थांबली. नानाच्या हातावर हातोड्याचे घट्टे होते, अंगात खाकी सदरा होता. आईचा चेहरा पांढरा पडला तो मला अजून दिसतो.

आजीनं लग्नातल्या मुंडावळ्या बरोबर घेतल्या होत्या, देवीच्या पायांवर घालायला. तिनं त्या पिशवीतून काढल्या आणि सगळ्यांच्या देखत नानाच्या कपाळाला बांधायला लागली. जणू काही वाऱ्यानं सुटल्या होत्या.

"ह्यो काय करतो?" हवालदारानं विचारलं.

"नवरा हाय," आजी म्हणाली. "अजून काय करणार?"

हवालदार हसला. त्यानं चौकीतल्या दोघांना हाक मारून जीप ढकलायला लावली. नव्या सुनेला बघून, "सुखानं ऱ्हावा," असंही म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं असं दादांचं मत, काहीच कळलं नाही असं मामाचं. आमच्या घरात ह्यावर पुढची पंधरा वर्षं वाद चालला.

लांबोटीजवळ सीना नदीपाशी फॅनचा पट्टा तुटला. रेडिएटर उकळून वाफ निघाली. पट्टा सोलापूरशिवाय मिळणार नव्हता आणि दिवस मावळला होता. सीना कोरडी ठणठणीत. आम्ही वाळूत झरा उकरून पाणी काढलं, तिथंच भाकरी खाल्ल्या आणि झोपलो. लग्नाला आठवडा न झालेली काकी परक्या गावच्या वाळूत, सासू, जाऊ आणि बहीण यांच्या मध्ये झोपली होती. तिनं पुढं एकदा मला सांगितलं, की त्या रात्री नाना पहिल्यांदा तिच्याशी मोकळं बोलला. तो म्हणाला, माझी नोकरी राहीलच असं नाही, तुला आधी सांगायला पायजे हुतं. ती म्हणाली, "आता सांगितलं न्हवं?"

सकाळी मामानं रस्त्याकडेला बसून चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना जुना पट्टा दाखवला. त्यांनी चामड्याची वादी कापून, दुहेरी शिवून, वर मेण घासून पट्टा करून दिला. त्यात अर्धा दिवस गेला. आम्ही समोरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून होतो. तिथं ट्रान्झिस्टर होता. बातम्या लागल्या आणि गल्ल्यावरचा माणूस एकदम उभा राहिला. भारतानं अणुस्फोट केला! राजस्थानात, पोखरणला, जमिनीखाली, आज सकाळीच. तारीख १८ मे. ट्रकवाले, गिऱ्हाईकं सगळी रेडिओभोवती जमली. मामानं छाती पुढं काढली. मालकानं सगळ्यांना चहा फुकट दिला.

"म्हंजी काय केलं?" आजीनं विचारलं.

दादांनी जमेल तसं सांगितलं, जमिनीच्या पोटात मोठा सुरुंग लावला म्हणून.

"आमीबी दुष्काळात हिरीला लई सुरुंग लावलं," आजी म्हणाली. "त्यास्नी पाणी लागलं का इचारा."

नाना मात्र हसला नाही. आता संपाचं कोण ऐकतंय, एवढंच तो पुटपुटला. ते मला तेव्हा समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं पोखरणच्या बातमीनं भरलेली असणार, हे त्याला तिथं बाकड्यावर बसूनच कळलं होतं.

वादीचा पट्टा सोलापूर ओलांडून तामलवाडीपर्यंत टिकला. मग दर दोन मैलांवर उतरून तो ताणावा लागे. घाटाला लागलो आणि वळीव आला. टप नसलेल्या जीपमध्ये नऊ माणसं भिजत बसली, मग तीही चैन संपली, कारण चढाला जीप थकली आणि सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. आई, काकी, पोरंसुद्धा चिखलात. एकटी आजी वर बसलेली, समई कवटाळून. ओटीच्या तांदळात पाणी गेलं, खणाचा रंग शिदोरीला लागला. आम्ही तुळजापुरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि पुढच्या भाकरी लाल झाल्या होत्या. त्याच खाल्ल्या.

दर्शन रविवारी सकाळी झालं. पायऱ्या उतरून खाली, गोमुखावर हातपाय धुतले, कल्लोळात डुबकी मारली. समई वाहिली. मुंडावळ्या वाहिल्या. आणि मग आजी नानाला घेऊन देवळामागच्या चिंतामणीपाशी गेली.

हा एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार, जागीच राहिला तर कामाला उशीर आहे, अशी समजूत. शिवाजी महाराजसुद्धा मोहिमेआधी इथं कौल घ्यायचे असं तिथं सांगतात. नाना बसला, हात ठेवले, डोळे मिटले. बराच वेळ झाला, मागची रांग खोळंबली. दगड हलला नाही.

"उशीर हाय," आजी म्हणाली आणि त्याला उठवलं.

परतताना सोलापुरात नवा पट्टा घेतला, तरी गिअर अडकून जीप सांगोल्याच्या अलीकडे कायमची थांबली. तिला दोन बैल जुंपून गावात आणली. त्यातला एक आमचा तो जगलेला बैल होता.

२७ मेला संप मागं घेतला गेला. नानाची नोकरी गेली ती गेलीच. तो रोजगार हमीच्या कामावर, मग साखर कारखान्याच्या ऊसतोडीला, मग मामाबरोबर विहिरी फोडायला असा हिंडत राहिला. काकीनं माहेरचे दागिने मोडून दोन शेरडं घेतली, त्यांची सात झाली. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेली माणसं परत घेण्यात आली. नानाला बोलावणं आलं तेव्हा तो विहिरीत उतरलेला होता. वरून मी कागद हलवून दाखवला.

आजी आदल्या वर्षीच्या पौषात गेली होती. कागद घेऊन नाना आधी गोठ्यात गेला, तिथं तिची जुनी वाकळ अजून बैलाच्या अंगावर घातलेली असायची. मग हातपाय धुऊन तो काकीला म्हणाला, दुसरी समई घ्यायला पंढरपूरला जायचंय, आता गाडीनं जाऊ.