ज्याच्या दारात सापडलं, तोच चोर? : २००८ सालच्या एका बिघाडाचा तपास

आजचा विषय कार्यकारणभाव. पण आज घट आणि कुंभार थोडे बाजूला ठेवू आणि संगणकातलं एक उदाहरण घेऊ. काळ फार जुना नाही, २००८ सालचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने.

लिनक्स हे नाव आपण ऐकलेलं असेल. या संगणकप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्या वेळी कर्नलची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत होती, आणि प्रथेप्रमाणे जगभरची उत्साही मंडळी तिचे कच्चे मसुदे आपापल्या यंत्रांवर चालवून बघत होती. त्यांच्याकडून एक विचित्र तक्रार येऊ लागली. इंटेलच्या काही गिगाबिट नेटवर्क कार्डांनी मान टाकली होती. आता संगणक बंद करून पुन्हा चालू केला की बरेच आजार बरे होतात, हा आपलाही अनुभव आहे. इथे तसं होईना. जुनी, चांगली आवृत्ती परत घातली तरी कार्ड जिवंत होईना.

असं का झालं? या कार्डाला स्वतःची एक छोटी कायमस्वरूपी स्मृती असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. कार्डाचा स्वतःचा पत्ता, त्याच्या मूळ जुळण्या, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि त्या मजकुराची एक ठरलेली बेरीजही असते. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. या कार्डांच्या ड्रायव्हरचं नाव ई१०००ई. तो सुरू होताना ती बेरीज तपासतो, आणि ती जुळली नाही तर कार्ड हाती घ्यायलाच नकार देतो. म्हणजे कार्ड अंगाने धडधाकट, पण स्वतःची ओळखच विसरलेलं. मग बाहेर एक अक्षरही जाणार कसं?

संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. कार्डाला हात लावणारा तोच, मग बिघडवणारा दुसरा कोण असणार? काही वितरकांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून हा ड्रायव्हर काढूनच टाकला. पुढे दुसरा संशयित निघाला. काही यंत्रांवर कार्ड मरण्याआधी पडद्यावरची चित्रव्यवस्था कोसळली होती, म्हणून बोट तिच्याकडे वळलं.

इथे आपले नैयायिक आठवतात. कारण कशाला म्हणावं? जे कार्याच्या आधी असतं त्याला? मग कुंभाराचं गाढवही घटाचं कारण ठरेल, कारण माती त्यानेच वाहून आणली. न्यायशास्त्र म्हणतं, नुसतं आधी असून भागत नाही. ते नियमाने आधी असलं पाहिजे आणि अन्यथासिद्ध असता कामा नये. म्हणजे त्याला वगळूनही कार्य घडण्याची संगती लागत असेल, तर ते कारण नव्हे. कोसळणारा पडदा हे असं गाढव होतं. आणि ड्रायव्हर? त्याच्या घरात प्रेत सापडलं होतं, एवढंच काय ते सिद्ध झालं होतं.

मग अन्वय-व्यतिरेक लावून बघायचा. जिथे कारण तिथे कार्य, जिथे कारण नाही तिथे कार्य नाही. प्रोग्रामर मंडळींकडे याची एक सुंदर रीत आहे. जुनी आवृत्ती चांगली, नवी वाईट, आणि मध्ये दहा हजारांवर बदल. बरोबर मधला बदल घ्या आणि तिथपर्यंतची प्रणाली चालवून बघा. चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, वाईट निघाली तर मागच्या अर्ध्यात. असं अर्धं अर्धं करत गेलं की साधारण चौदा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो.

पण इथे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे, दोष प्रकट होणाऱ्या प्रत्येक फेरीत एक कार्ड बळी जाणार. म्हणूनच स्मृतीची नक्कल आधी उतरवून ठेवा, असा सल्ला लोकांना दिला गेला. दुसरी अडचण तात्त्विक, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. हा बिघाड दर वेळी होत नव्हता. कार्ड मेलं तर 'या आवृत्तीत दोष आहे' हे सिद्ध होतं. पण ते जगलं, तर काय सिद्ध होतं? काहीच नाही. कदाचित आज नशीब बरं होतं. अन्वय पक्का, व्यतिरेक कच्चा. अशा पुराव्यावर कुणालाही निर्दोष ठरवता येत नाही.

तेव्हा अभियंत्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कारण सापडण्याची वाट न बघता त्या स्मृतीला कुलूप घातलं, म्हणजे तिच्यात लिहिण्याची सोयच बंद केली. ९ ऑक्टोबरला २.६.२७ प्रसिद्ध झाली ती या कुलपासह. चोर कोण हे ठाऊक नसतानाही दार लावून घेता येतं.

आणि चोर निघाला कोण? एफट्रेस. हे कर्नलवर नजर ठेवणारं साधन, स्टीव्हन रोस्टेड यांनी रचलेलं. कुठलं काम केव्हा चाललं आहे याची नोंद घेण्यासाठी ते प्रत्येक कामाच्या तोंडाशी एक छोटी खूण ठेवतं. नोंद नको असेल तेव्हा ती खूण खोडून तिथे 'काही करू नकोस' असं लिहितं. त्यासाठी खुणांच्या पत्त्यांची एक यादी असायची. पण काही काम फक्त सुरुवातीपुरतं असतं. ते संपलं की त्याची जागा मोकळी होते आणि दुसऱ्याला दिली जाते. भाडेकरू गेला, यादीत पत्ता मात्र तसाच राहिला. आणि कधीकधी त्या पत्त्यावर नेमकी या कार्डाच्या स्मृतीची खिडकी येऊन बसायची.

एफट्रेस तसं सावध होतं. आधी बघायचं, अपेक्षित मजकूर असेल तरच बदलायचा, अशीच आज्ञा ते वापरत होतं. पण इंटेलच्या प्रोसेसरांत या आज्ञेची एक खोड आहे. तुलना जुळली नाही तरी ती वाचलेलंच मूल्य परत लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काहीच बिघडत नाही. उपकरणाच्या खिडकीत मात्र लिहिणं म्हणजे हुकूम देणं. म्हणजे बघा, दोष कर्नलमध्ये होता, कार्ड कुठलंही असो. जखम दिसली ती फक्त ज्याची कातडी पातळ होती त्याच्या अंगावर. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं. पहारेकरी म्हणून नेमलेल्याच्या हातून हे झालं, तेही तो काळजीपूर्वक वागत असताना.

लगेच निघालेल्या २.६.२७.१ या आवृत्तीत एफट्रेसचा हा भाग बंद केला गेला. पण त्याला कायमचं हद्दपार केलं नाही. खुणांची यादी कशी करायची आणि खुणा केव्हा बदलायच्या, ही रीतच नव्याने रचली गेली. ते साधन आजही रोजच्या वापरात आहे.

या इतिहासातून मी एकच गोष्ट घेतो. फाइल ज्याच्या टेबलावर अडकली तो दोषी, रुग्ण ज्याच्या पाळीत दगावला तो दोषी, हा न्याय आपण रोज करतो. तो झटपट होतो, आणि मनाचं समाधानही होतं. पण कार्य कुठे दिसलं आणि कारण कुठे होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर डोळे देतात. दुसऱ्यासाठी थांबावं लागतं, आणि थांबताना दाराला कुलूप घालून ठेवावं लागतं, म्हणजे दरम्यान आणखी कुणाचं नुकसान होत नाही.

आता आपले प्रश्न घेऊ.