भूमितीय जटिलता सिद्धांत

भूमितीय जटिलता सिद्धांत : एखादे गणित संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे हे बीजभूमिती आणि सममिती यांच्या आधारे सिद्ध करू पाहणारी पद्धत. केतन मुळमुळे (शिकागो विद्यापीठ) व मिलिंद सोहोनी (आयआयटी, मुंबई) यांनी २००१ मध्ये ती मांडली. बीज त्याआधीचे : अनेक प्रोसेसर एकत्र चालवूनही काही गणिते झटपट सुटत नाहीत, हे मुळमुळे यांनी १९९९ मध्ये एका मर्यादित समांतर प्रारूपात दाखवले होते.

अशक्यता सिद्ध करण्याच्या रुळलेल्या युक्त्या कुठे थांबतात, हा या क्षेत्रातला जुना प्रश्न. गुप्तलेखनातली काही प्रचलित गृहीतके खरी असतील तर ‘स्वाभाविक’ वळणाच्या सिद्धता पुरणार नाहीत, असे रॅझबोरोव्ह व रुडिक यांनी १९९४ मध्ये दाखवले. वितरित संगणनातही तेच. एक प्रक्रिया बंद पडू शकत असेल तर असमकालिक यंत्रणेत एकमताची हमी देता येत नाही, हे फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये एकेक पाऊल वाढवत सिद्ध केले. पण संच-सहमतीच्या (सर्वांनी एकाच नव्हे, तर मोजक्या मूल्यांवर येण्याच्या) प्रश्नापुढे ही पाऊलवाट अपुरी पडते, असे २०१९ मध्ये निष्पन्न झाले. संच-सहमतीची अशक्यता मात्र १९९३ मध्येच संस्थितीच्या मार्गाने सिद्ध झाली होती.

या पार्श्वभूमीवर मुळमुळे-सोहोनींनी मांडलेली लढत दोन बहुपदींमध्ये आहे. निश्चयक सहज काढता येतो. त्यातली उणे चिन्हे अधिक केली की होणारा पर्मनंट मात्र अतिशय अवघड. m×m पर्मनंट किती मोठ्या निश्चयकात बसवता येईल? सुमारे m²/2 ही खालची मर्यादा ज्ञात आहे (२००४), वरची २ᵐ−१. मधली दरी प्रचंड. पर्मनंटच्या बाजूला आढळणारा आणि निश्चयकाच्या बाजूला अजिबात न आढळणारा एखादा सममिती-प्रकार सापडला की काम फत्ते, ही मूळ योजना.

२०१६ मध्ये ब्युर्गिसर, इकेनमायर व पानोवा यांनी तीच निकालात काढली : निश्चयक m²⁵ एवढा मोठा घेतला की असा प्रकार सापडतच नाही. हा पराभव अचूक आहे, म्हणूनच मोलाचा. ‘आहे की नाही’ हा निकष गेला. ‘किती वेळा आहे’ हा उरला, आणि तो काही उदाहरणांत अधिक प्रभावी ठरतो हे २०१९ मध्ये दिसले. पर्मनंटचा मूळ प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.