टायरबदल, घरगुती मोटारीचा (नांदेड व लातूर जिल्हे)

पंक्चर झालेला, फुटलेला किंवा झिजलेला टायर असलेले चाक उतरवून त्या जागी जादा चाक (स्टेपनी) चढवणे आणि पुढे दुकानात त्या टायरची दुरुस्ती करणे वा नवा टायर बसवणे, या दोन्ही कामांना मिळून टायरबदल म्हणतात. पहिले काम बहुधा रस्त्याच्या कडेला, गाडीतल्याच माणसांना करावे लागते. दुसरे पंक्चरवाल्याकडे किंवा टायरच्या दुकानात होते. प्रस्तुत नोंद नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पाच ते सात आसनी मोटारींपुरती मर्यादित आहे. ट्रक, ट्रॅक्टर व एस. टी. बस यांच्या टायरांचा विचार येथे केलेला नाही. पाना व जॅक सगळीकडे सारखेच असतात. या दोन जिल्ह्यांत काम सोपे जाते की अवघड, हे गाडी कोणत्या जमिनीवर उभी आहे यावर जास्त अवलंबून असते.

प्रदेश व रस्ते : दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टी पठारावर आहे. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड व लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांत काळ्या मातीचा (रेगूर) जाड थर आहे, तर बालाघाटच्या माळरानांवर उथळ माती व मुरूम आढळतो. लातूर व नांदेड ही शहरे राष्ट्रीय महामार्ग 361 ने जोडलेली असून त्यांच्यातील अंतर सुमारे 140 किमी. आहे. हा मार्ग तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ व वर्धामार्गे नागपूरजवळच्या बुटीबोरीस जातो. महामार्ग 161 अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड व देगलूर यांना जोडत तेलंगणातील संगारेड्डीपर्यंत जातो. तालुक्यांना जोडणारे राज्य व जिल्हा मार्ग बहुतेक दुपदरी किंवा त्याहून अरुंद आहेत. बिघडलेली गाडी त्यांवर साईडपट्टीवरच घ्यावी लागते.

इतिहास : हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी 1845 मध्ये घेतले. जॉन बॉइड डनलप यांनी 1888 मध्ये तो नव्याने घडवून व्यवहारात आणला. मिशलँ कंपनीने 1946 मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. भारतात 1936 मध्ये पश्चिम बंगालमधील साहागंज येथे डनलपचा कारखाना सुरू झाला, तर रेडियल टायर 1977 मध्ये जे. के. टायरने आणला. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहतीत टायर तयार होतात. नांदेड व लातूर हे विक्रीचे व दुरुस्तीचे जिल्हे आहेत.

पूर्वीच्या ट्यूबच्या टायरला खिळा लागला की हवा झटकन जाई आणि चाक जागेवरच बदलावे लागे. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळा स्वतःच भोक बऱ्यापैकी बुजवून ठेवतो व हवा हळूहळू जाते. त्यामुळे बरेच चालक हवा भरून पुढच्या गावापर्यंत गाडी नेतात. मात्र पूर्ण बसलेल्या टायरवर गाडी हाकली, तर टायरची बाजू (साईडवॉल) रिमखाली चेपून आतून चुरडते. एरवी भोकात रबरी दोरी लावून भागले असते असा टायर अशा वेळी टाकून द्यावा लागतो.

इजेची कारणे : (1) कडेचा काप. जुन्या डांबरीकरणावर नवे थर चढत जातात, साईडपट्टी मात्र जागच्या जागी राहते किंवा पावसाने वाहून जाते. डांबराची कड त्यामुळे उघडी पडून धारदार होते. समोरून ट्रक किंवा उसाची जोडट्रॉली आल्यावर गाडी खाली उतरवावी लागते आणि वर चढताना टायरची साईडवॉल या कडेवर घासते. (2) खड्डे. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरच्या डांबराला आधी कडेलगत लांब उभ्या भेगा पडतात, त्यांत पाणी शिरते व पुढे खड्डा होतो. खड्ड्याच्या कडेवर टायर आपटला की साईडवॉलमधील धागे तुटतात आणि बाहेर फुगा दिसू लागतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. (3) खिळे, बाभळीचे काटे, खडी, सळईचे तुकडे. (4) उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा 42 अंश से. च्या वर जातो. कमी हवेचा टायर दर फेऱ्यात जास्त दबतो आणि त्या हालचालीनेच आतून तापतो. लग्नसराईत पाचांच्या गाडीत सात-आठ माणसे व डिक्कीत आहेराचे सामान भरलेले असते. त्या वेळी हा धोका सर्वांत जास्त असतो. तापलेला टायर फुटू नये म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवण्याची चाल काही चालकांत आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. हवा चालकाच्या दाराजवळील तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

साईडपट्टी व जॅक : हा या प्रदेशातील टायरबदलाचा कळीचा भाग आहे. लहान मोटारीसोबत मिळणाऱ्या कात्री जॅकची बैठक साधारण 80 चौ. सेंमी. असते. एका कोपऱ्याचे सुमारे 300 किग्रॅ. वजन तिच्यावर आले, तर जमिनीवर दर चौ. सेंमी.ला जवळजवळ 4 किग्रॅ. दाब पडतो. काळ्या मातीची सुरक्षित धारणक्षमता स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत ढोबळमानाने दर चौ. सेंमी.ला 0.5 ते 1.5 किग्रॅ. दिलेली असते, आणि भिजल्यावर ती खालच्या टोकाला जाते. म्हणून पावसाळ्यात जॅकचा स्क्रू कितीही फिरवला, तरी गाडी उचलण्याऐवजी जॅकच मातीत जातो. पुष्कळदा तो एका बाजूने रुततो, तिरपा होतो आणि निसटतो.

यावर उपाय फळीचा. 30 सेंमी. लांब, 25 सेंमी. रुंद व निदान 3 सेंमी. जाड लाकडी फळी जॅकखाली घातली की तेच वजन 750 चौ. सेंमी.वर पसरते आणि दाब दर चौ. सेंमी.ला 0.4 किग्रॅ.पर्यंत उतरतो. जाणते चालक अशी फळी डिक्कीत स्टेपनीशेजारी कायम ठेवतात. शेताच्या बांधावरचा चपटा दगड किंवा वीट घेण्याचीही रीत आहे, परंतु वीट भाराखाली फुटते व दगड घसरतो. उन्हाळ्यात वाळलेली काळी माती वरून टणक वाटते. तरी भेगेच्या तोंडाशी जॅक लावू नये, कारण भेगेची कड ढासळते. मुरुमाची दाबलेली साईडपट्टी तुलनेने बरी. महामार्ग 361 च्या चौपदरी भागात डांबरी कडपट्टी मिळते, तेथे जमिनीचा प्रश्न उरत नाही. वेगाने येणाऱ्या वाहनांचा प्रश्न मात्र तेथे वाढतो.

गर्दीच्या दिवसांत सपाट जागा मिळणेही कठीण होते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड–लातूर रस्त्यालगत भरते. यात्राकाळात साईडपट्ट्या वाहने, जनावरे व पालांनी भरून जातात. अशा वेळी गाडी हळूहळू फाट्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपाच्या फरशीवर नेणे श्रेयस्कर, मग टायरचे थोडे नुकसान झाले तरी चालेल.

साहित्य : स्टेपनी, जॅक, जॅक फिरवण्याची दांडी (टॉमी), व्हील पाना, फळी, चाकाला लावण्यासाठी दोन दगड, लाल परावर्तक त्रिकोण, विजेरी. डिक्कीत सीएनजीची टाकी असलेल्या काही गाड्यांत स्टेपनी बाहेर काढणे हेच सर्वांत वेळखाऊ काम ठरते. स्टेपनीची हवा तपासण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

कृती : गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकावा व चारी दिवे लुकलुकते ठेवावेत. माणसे उतरवून रस्त्यापासून दूर, गाडीच्या मागे नव्हे तर बाजूला उभी करावीत. त्रिकोण मागे किमान 50 पावलांवर ठेवावा आणि वळण किंवा चढ असल्यास, येणाऱ्या वाहनांच्या बाजूने, त्याच्याही अलीकडे. बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत.

नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. चाक उचलल्यावर जोर लावला तर ते फिरते आणि गाडी जॅकवरून हलते. गाडीच्या खालच्या पट्टीवर चाकाजवळ दोन खाचा असतात, जॅकचे डोके त्यांच्या मधोमध बसवावे. स्टेपनी पूर्ण फुगलेली असल्याने तिला बसलेल्या टायरपेक्षा जास्त उंची लागते, हे ध्यानात घेऊन गाडी उचलावी. उतरवलेले चाक लगेच गाडीखाली आडवे सरकवावे. जॅक निसटलाच, तर गाडी त्यावर टेकते. डिस्क गंजून हबला चिकटली असेल, तर टायरला बाजूने आळीपाळीने लाथा मारून ती सुटते. हात मात्र चाकाखाली घालू नये.

नटाची निमुळती बाजू डिस्ककडे ठेवून सर्व नट आधी हाताने लावावेत. गाडी खाली उतरवल्यावर ते समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. लहान मोटारींचे नट साधारणतः 85 ते 110 न्यूटन-मीटर आघूर्णाने आवळायचे असतात. 30 सेंमी. लांब पान्याच्या टोकावर सुमारे 30 किग्रॅ. जोर दिला की तेवढे काम होते. पान्यावर उभे राहून आवळण्याची सवय सर्वत्र आहे, पण 70 किग्रॅ.चा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला, तर आघूर्ण 200 न्यूटन-मीटरच्या वर जातो. त्याने आटे झिजतात, स्टड तुटतात आणि पुढच्या वेळी नट निघत नाहीत. काही किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. मूळ चाकांपेक्षा लहान स्टेपनीवर बहुधा ताशी 80 किमी. ही वेगमर्यादा लिहिलेली असते.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 व इतरत्र 112 हे क्रमांक आहेत.

दुरुस्ती : ट्यूबलेस टायरमध्ये रबरी दोरी (पट्टी) बाहेरून भोकात ओढून बसवतात. हे काम चाक न उतरवताही होते. टायर रिमवरून काढून आतून छत्रीच्या आकाराचा तुकडा बसवणे (मशरूम) जास्त टिकाऊ. दोन्ही पद्धती जमिनीला टेकणाऱ्या भागातील सुमारे 6 मिमी.पर्यंतच्या भोकांसाठीच आहेत. साईडवॉल किंवा खांद्यावर दोरी लावून देणारे पंक्चरवाले आढळतात, त्यावर विसंबू नये.

नव्या टायरची निवड : टायरवर 165/80 R14 85T अशी खूण असते. 165 मिमी. रुंदी, तिच्या 80 टक्के म्हणजे 132 मिमी. बाजूची उंची, रेडियल बांधणी, 14 इंची रिम, 515 किग्रॅ. भारक्षमता व ताशी 190 किमी. कमाल वेग असा तिचा अर्थ होतो. टायरवरील वेगळ्या चार आकडी खुणेतून उत्पादनाचा आठवडा व वर्ष कळते (2423 म्हणजे 2023 चा 24 वा आठवडा). मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह (मानक आयएस 15633) असावे. नवे टायर जोडीने घ्यावेत. ती जोडी मागे बसवावी की पुढे, यावर एकमत नाही. टायरउत्पादक ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरू नये म्हणून मागे सुचवतात, तर बरेच दुकानदार पुढची चाके जास्त झिजतात म्हणून पुढे बसवतात. टायर चढवल्यावर बॅलन्सिंग करावे. सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला.

नायट्रोजन : साध्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन भरल्याने दाब अधिक काळ टिकतो असे सांगतात, पण घरगुती वापरात हा फरक किती, याबद्दल मतभेद आहेत.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचा 1.6 मिमी.पेक्षा उथळ नसाव्यात. टायर त्याहून झिजलेला (बोलीत ‘गोटा’) असेल, तर तो बदलणे बंधनकारक आहे. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्ती संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनीतून सूट देणारी तरतूद 2020 मध्ये झाली. काळ्या मातीच्या कडांवरील साईडवॉलच्या कापांवर असा संच उपयोगी पडत नाही. टायर फुटणे ही दैवी आपत्ती नसून चालकाचा निष्काळजीपणा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात म्हटले आणि विमा कंपनीचे अपील फेटाळले.

अपघाताचे कारण म्हणून ‘टायर फुटला’ हे विधान सावधपणे घ्यावे लागते. समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात 1 जुलै 2023 रोजी झालेल्या, 25 बळी घेणाऱ्या बस अपघातात चालकाने हेच कारण सांगितले होते, परंतु परिवहन विभागाच्या पाहणीत त्यास दुजोरा मिळाला नाही.

विमा : नेहमीच्या पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले असल्यास टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते.

विल्हेवाट : वापरलेल्या टायरांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादक व आयातदारांवर टाकली आहे.