पायटी हिलचं उघडं दार

मैत्रिणींनो, ‘परंपरावादी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारं-खिडक्या लावून घेतलेलं घर येतं. नवं काही नको, परकं कोणी नको. पण अमेरिकेत परंपरावादी विचारांची शिबिरं ज्या घरात भरत, त्याचा इतिहास वेगळंच सांगतो.

रसेल कर्क यांचा जन्म १९१८ चा, मिशिगन राज्यातला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला. १९५३ साली तो ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ या नावाने पुस्तक म्हणून आला आणि गाजला. अठराव्या शतकातल्या एडमंड बर्कपासूनची विचारपरंपरा त्यात होती. समाज केवळ आज जगणाऱ्यांचा नाही. होऊन गेलेल्यांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही त्यात वाटा आहे, हे बर्कचं सूत्र.

त्याच वर्षी कर्क यांनी कॉलेजातली नोकरी सोडली. विद्यार्थीसंख्या वाढवण्याच्या नादात शिक्षणाचा दर्जा खालावतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ते मेकोस्टा या लहानशा गावी पणजोबांच्या घरात राहिले. त्या घराला ‘पायटी हिल’ म्हणत.

१९६४ साली त्यांचं अ‍ॅनेट यांच्याशी लग्न झालं. पुढे चार मुली झाल्या आणि घर माणसांनी भरलं. देशभरातून विद्यार्थी शिबिरांना येऊ लागले. शेजारच्या लाकडी खेळण्यांच्या जुन्या कारखान्यात कर्क यांचं ग्रंथालय होतं. तिथे वाचन, चर्चा. रात्री कर्क भुताच्या गोष्टी सांगत! १९७४ च्या पुस्तकात त्यांनी अमेरिकेच्या नागरी व्यवस्थेची मुळं जेरुसलेम, अथेन्स, रोम, लंडन आणि फिलाडेल्फिया अशा पाच शहरांत शोधली. म्हणजे ‘आपली’ परंपरासुद्धा किती घरांतून आलेली असते, पाहा.

त्याच घरात व्हिएतनाम, इथिओपिया, पोलंडमधून परागंदा झालेली माणसंही राहिली. तुरुंगातून सुटून आलेला एक भटका माणूस कित्येक वर्षं घरचाच होऊन राहिला. १९७५ मध्ये जुनं घर जळालं. पण राबता थांबला नाही. पाडल्या गेलेल्या जुन्या इमारतींचे भाग आणून त्यांनी घर पुन्हा सजवलं.

या विचारांची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच काळात अमेरिकेतले कित्येक परंपरावादी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याला विरोध करत होते. ‘जपायचं’ या शब्दाआड अन्यायही जपला जातो. म्हणून काय जपायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने विचारावा लागतो. सुधारणेला जागा नसलेली व्यवस्था टिकत नाही, हे खुद्द बर्कलाही मान्य होतं.

इतिहासात नाव राहिलं ते कर्क यांच्या पुस्तकांचं. पण आल्यागेल्याचं पाहणारं घर नसतं, तर ती शिबिरं त्या खेड्यात कशी चालली असती? कर्क १९९४ साली गेले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं अभ्यासकेंद्र उभं राहिलं आणि अ‍ॅनेट यांनी ते पुढे चालवलं.

मुलांना आपण परंपरा शिकवतो, तेव्हा त्यांच्या कानावर नियम पडतात. पण दारात आलेल्या माणसाशी आपण कसं वागतो, हेही ती बघत असतात. तुमच्या घरात त्यांना काय दिसतं?