कयाक, रविवार आणि पायवाट

आपल्या बॅचची भटकी मंडळी कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे नावं देत नाही. ही दहा-बारा जणांची टोळी वर्षातून दोन-तीनदा एखाद्या धरणाच्या पाण्यात किंवा तारकर्लीजवळ कर्ली नदीच्या खाडीत कयाक वल्हवते आणि एरवी रानातून, बांधांवरून रमतगमत चालते. किल्ला सर करायचा, घड्याळ लावायचं, असलं काही नसतं. डबे असतात, जुन्या टोपणनावांनी हाका मारणं असतं. स्मरणिकेसाठी या सहलींचे फोटो ढीगभर आले, पण लेख एकही आला नाही, अशी संपादक मंडळाची तक्रार होती. म्हणून हे टिपण.

आपल्या इतिहासाच्या बाई सनावळ्या पाठ करून घ्यायच्या, पण धडा संपला की हमखास विचारायच्या, "हे आधी का नाही झालं रे?" तोच प्रश्न इथे लावून पाहिला. मित्रांबरोबर मुद्दाम सावकाश होडी वल्हवावी आणि उगाच चालावं, ही गोष्ट माणसाला सुचायला आणि जमायला इतका वेळ का लागला?

कयाक मुळात मौजेची वस्तू नव्हतीच. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना एस्किमो म्हटलं होतं त्या इन्युइट लोकांचं ते शिकारीचं हत्यार. वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं, वरून बंद आणि मधे एका माणसापुरतं भोक. ही होडी ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बांधत, शिंप्याने कपडा बेतावा तशी. त्या गोठवणाऱ्या पाण्यात उलटली तर आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या जोरावर परत सुलटी करता आली पाहिजे, नाहीतर माणूस गेला. आपण लाइफ जॅकेट घालून खिदळत ज्या प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये बसतो, तिचा आकार आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं या लोकांकडून आलं आहे. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यांनी ते घडवलं.

युरोपात ही होडी सहलीला आणली जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वंशाच्या वकिलाने. त्याने उत्तर अमेरिकेत तिथल्या लोकांच्या होड्या पाहिल्या होत्या. 1865 साली त्याने लंडनमध्ये ओक आणि देवदाराच्या लाकडाची होडी बांधून घेतली. 15 फूट लांब, 28 इंच रुंद, वजन सुमारे 80 पौंड. नाव ठेवलं 'रॉब रॉय'. इंग्रज तिला कनू म्हणाले, पण वरून झाकलेली आणि दोन पात्यांच्या वल्ह्याची, म्हणजे जातीने कयाकच. ऱ्हाइन, डॅन्यूब आणि स्वित्झर्लंडची सरोवरं त्याने पालथी घातली. मधे पाणी संपलं की होडी चक्क रेल्वेत किंवा बैलगाडीत चढवायची. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि इंग्लंडमध्ये कनू क्लब निघाला. वेड पसरलं, यात शंका नाही. पण हा गृहस्थ एकटा फिरायचा. मला तो थोडा कंटाळवाणा वाटतो.

आपल्या जातकुळीचे खरे दोघे नंतर आले. 1876 च्या पावसाळी सप्टेंबरात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, म्हणजे आपण शाळेत ज्याचं 'ट्रेझर आयलंड' वाचलं तोच, आणि त्याचा मित्र सर वॉल्टर सिम्पसन अँटवर्पहून निघाले. सिम्पसन हा क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग करणाऱ्या डॉक्टर सिम्पसनांचा मुलगा. होड्यांची नावं होती 'अरेथूजा' आणि 'सिगारेट'. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधले कालवे आणि नद्या धरून पॅरिसजवळच्या पोंत्वाझपर्यंत हा प्रवास झाला. त्यात पराक्रम काहीही नाही. पाऊस झोडपतो, कालव्याच्या दारांपाशी ताटकळावं लागतं, एका गावात खाणावळवाली यांना फेरीवाले समजते, तर दुसऱ्या गावात चिखलाने माखलेला अवतार बघून हॉटेलातून हाकलून देतात. ही कुठल्याही सहलीला न शोभणारी हकीकत स्टीव्हन्सनने 1878 साली छापली. ते त्याचं पहिलं पुस्तक.

त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाझ नदीला पूर आलेला. पात्रात आडव्या पडलेल्या झाडाखालून जाताना स्टीव्हन्सन अडकला, होडी त्याच्याखालून निसटून वाहून गेली. तो बुंध्याला लटकला, पण हातातलं वल्हं सोडलं नाही. सिम्पसन मदतीला आला, तर हा म्हणतो, माझं मी बघतो, तू आधी होडीच्या मागे जा. आणि सिम्पसन गेला, होडी धरायला! दोघांचा एकमेकांवर केवढा भरवसा असेल! दुसरी गंमत अशी की पुस्तकभर स्टीव्हन्सन मित्राला त्याच्या होडीच्या नावानेच संबोधतो, 'सिगारेट'. टोपणनावांच्या बाबतीत आठवी ब ने फार काही नवं केलं नव्हतं तर.

मॅकग्रेगर वकील, सिम्पसन सरदार. यांना फुरसत होती. बाकीच्यांचं काय? जर्मनीत 1905 साली आल्फ्रेड हॉयरिश या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने घडी घालून पिशवीत भरता येईल अशी कयाक बनवली. दोन वर्षांनी योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने तिचे हक्क घेतले आणि नोकरदार माणूस ती पाठीवर टाकून रेल्वेने नदीकाठी जाऊ लागला. सीलच्या कातड्यापासून सुरू झालेली शिलाई अशी एका शिंप्याच्या दुकानात आली. पण होडी स्वस्त झाली तरी दिवस रिकामा हवा ना? इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत बायका आणि किशोरवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला 1850 चा कायदा लागला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून त्यासाठी झटत होते. आपल्यातल्या निम्म्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते, म्हणून हे ठासून लिहितो. आपला रविवार पंचांगातून पडलेला नाही.

दिवस मिळाला, तरी चालायचं कुठे? लंडनमध्ये लेस्ली स्टीफन या विद्वानाने, व्हर्जिनिया वुल्फच्या वडिलांनी, 1879 मध्ये मित्रांची 'संडे ट्रॅम्प्स' नावाची मंडळी जमवली होती. रविवारी वीसेक मैल चालायचं आणि गप्पा मारायच्या. सगळे लेखक, वकील, प्राध्यापक. त्यांना शेतातून जाताना कुणी हटकलं तर कायद्याच्या भाषेत उत्तर द्यायला माणसं सोबतच होती. मँचेस्टरच्या कामगार पोरांकडे ती सोय नव्हती. गावाबाहेरच्या डोंगराळ माळांवर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखणदार नेमले होते. 24 एप्रिल 1932 ला, रविवारीच, हेफील्ड गावातून काही शे तरुण किंडर स्काउट या माळावर ठरवून घुसले. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. चालणाऱ्यांच्या प्रतिष्ठित संघटनांना हा आडदांडपणा पसंत नव्हता. तरी शिक्षा इतकी कडक झाली की लोकमत पोरांच्या बाजूने फिरलं. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याच्या वाटांचा कायदा झाला. किंडरच्या लढ्याला सत्तर वर्षं झाली तेव्हा, 2002 साली, त्या वेळच्या जमीनदाराच्या नातवाने, डेव्हनशरच्या ड्यूकने, जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता.

हे एवढ्या तपशिलाने लिहायचं कारण आहे. धरणाकाठची आपली नेहमीची पायवाट, गावातली पोरं शाळेला आणि बायका सरपणाला जायच्या ती, गेल्या हिवाळ्यात तारेच्या कुंपणाआड गेली. आत बंगले होणार आहेत. गेटवरच्या पोऱ्याने नम्रपणे सांगितलं, "काका, इथून बंद आहे." आपण वळसा घेऊन गाडीपाशी आलो आणि घरी गेलो. गावातल्या मंडळींना मात्र रोज वळसा आहे. ग्रामपंचायतीत अर्ज पडलाय. जुना नकाशा काढायचं काम चाललंय. आपल्यातले दोघे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत आणि एक वकील आहे, हे मी तिथल्या सरपंचांना परस्पर सांगून टाकलं आहे. पुढच्या रविवारी ते आठ वाजता चहाला बोलावतात. सर, बाई, तुम्हीही या. तिथे चढ नाही.