अण्णांचा बोंगो

सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात मी ढोलकी वाजवायचो. एके रात्री आमचा बोंगोवाला आलाच नाही. मालकांनी बोंगोची जोडी माझ्या गुडघ्यांत कोंबली आणि म्हणाले, "'शोला जो भडके' आहे, सांभाळून घे." ढोलकीची थाप बोंगोवर टाकली की तो नुसता ठकठकतो. तिथे काम बोटांच्या टोकांचं. पहिल्या कडव्याची मी पार माती केली.

तेव्हापासून प्रश्न पडला, की हे गाणं करणाऱ्या पुणतांब्याच्या माणसाला बोंगोची ही क्यूबाकडची चाल सुचली कशी?

हा माणूस म्हणजे रामचंद्र चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र, आम्हा वाजवणाऱ्यांचे अण्णा. जन्म 1918. गाणं शिकले पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. संगीतकार म्हणून पहिली कामं मात्र तमिळ चित्रपटांची, हिंदी नंतर. परदेशी चालीचं म्हणाल, तर 'समाधी'तलं (1950) गाजलेलं गाणं कार्मेन मिरांडा या गायिकेच्या एका गाण्यावर बेतलेलं. पण नुसती चाल उचलून बँड वाजत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि ती गोव्याहून आली होती.

पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरं स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकत. त्यातलेच हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्यांचा ट्रम्पेट वाजे. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ते अण्णांचे साहाय्यक झाले. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, गोवेकर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढत. दोन विद्या अशा एका खोलीत बसल्या.

म्हणूनच 1951 च्या 'अलबेला'त एकीकडे 'शोला जो भडके'चा बोंगो कडाडतो आणि त्याच चित्रपटात लताबाईंची पिलूच्या वळणाची अंगाई लागते. दोन्ही चाली अण्णांच्याच. पुढे याच माणसाने 'घरकुल'ची मराठी गाणी केली आणि गदिमांचा 'गीतगोपाल'ही. परदेशी ठेका त्यांना पचला, कारण पोटात आधी बुवांची तालीम होती.

तबकडीवर नाव छापलं जाई संगीतकाराचं आणि गायकांचं, वाजवणारे बेनामी. 'अलबेला'त मात्र चिक आणि त्यांचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर आहे. पुन्हा बघाल तेव्हा नाचणाऱ्या नायकाच्या, भगवानदादांच्या पायांवरची नजर जरा मागे न्या. ती झालरीच्या बाह्यांची माणसं बघा.